वीस गुंठ्यांतलं जळण

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, झाली की जळणाला हात घालायचा, असं आमच्याकडं ठरून गेलंय. रब्बीची ज्वारी तेव्हा निसवायला लागलेली असते, कोळपणी-खुरपणी उरकलेली असते आणि हुरड्याला अजून अवकाश असतो. गेल्या येळवसेनंतर वीस गुंठ्यांतला तिसरा पट्टा तोडला. सोलापूरच्या दक्षिणेचा हा उताराचा तुकडा. वर हात-दीड हात माती आणि खाली मुरूम. ज्वारी कधी धड आली नाही, म्हणून तिथं जळणाची झाडं.

झाडं दोन-दोन मीटरवर आहेत. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, तेव्हा गुंठ्यात २५ झाडं बसतात. चार गुंठ्यांचा एक पट्टा, असे पाच पट्टे. दर पट्ट्यात १०० खड्डे घेतले होते, त्यांतली ७५ ते ८० झाडं जगली. वर्षाला एकच पट्टा तोडायचा, म्हणजे सहाव्या वर्षी पुन्हा पहिल्याची पाळी. बहुतेक सुबाभूळ, कडेच्या दोन ओळी गिरीपुष्पाच्या, मधूनमधून बाभूळ आणि कडुलिंब. पट्टे उताराला आडवे आखलेत. उभे आखले तर तोडलेल्या पट्ट्यातून वळवाचं पाणी सरळ खाली धावतं आणि होती ती हातभर मातीही घेऊन जातं. प्रत्येक पट्ट्याच्या चार कोपऱ्यांवर चुना लावलेले दगड आहेत. हे दगड फार महत्त्वाचे. ते नसले की तोडणारा माणूस सरळ झाड दिसेल तिकडं सरकतो, आणि दोन वर्षांत सगळ्या तुकड्यात चांगली झाडं संपून वाकडी तेवढी उरतात.

किती तोडायचं हे झाडांकडं बघून ठरवण्याआधी घरात काट्यावर ठरवावं लागतं. ताणकाटा टांगून महिनाभर रोजचं जळण मोजलं. दोन वेळच्या भाकरी आणि सकाळचा अंघोळीचा बंब मिळून रोज ३ किलोच्या आसपास जातं. चहा, भाजी, वरण गॅसवर. वर्षाचे झाले ११ क्विंटल, वाळलेले. तिसऱ्या पट्ट्यात ७६ खुंट होते, त्यांतून ओलं जळण साडेसतरा क्विंटल निघालं, आणि मे महिन्यात तेच ११ क्विंटलांवर आलं. खुंटामागं पाच वर्षांत १४-१५ किलो वाळलेलं लाकूड. साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात, पाणी न देता, यापेक्षा जास्तीची आशा धरू नये. बागायतीचे आकडे ऐकून जे पट्टा तीन वर्षांतच तोडतात त्यांच्या हाती फोकच येतात. फोक भराभर जळतो, निखारा धरत नाही, आणि भाकरीला निखारा लागतो.

ज्यांना हे सगळं पैशांत बघायचंय त्यांच्यासाठी एक हिशेब. १४.२ किलोचा गॅस सिलिंडर चांगल्या शेगडीवर जेवढं काम देतो, तेवढं साध्या चुलीवर काढायला वाळलेलं जळण दोन क्विंटलच्या आसपास लागतं, कारण साधी चूल लाकडातल्या उष्णतेचा सातवा-आठवा हिस्साच भांड्यापर्यंत पोचवते. म्हणजे आमचा पट्टा साडेपाच सिलिंडरांचा. चूल सुधारली तर हाच पट्टा आठ सिलिंडरांचा होऊ शकतो, झाड एकही न वाढवता. पण तो विषय वेगळा.

तोडायच्या आधी आणखी एक गोष्ट पाहायची, ती म्हणजे मागचा हस्त. आपल्याकडं खरा पाऊस भाद्रपद-आश्विनात. मुरमात जी ओल मुरते ती त्याच पावसाची, आणि उन्हाळ्यात खुंट फुटतो तो त्या ओलीवर आणि मुळांत साठवलेल्या पिठूळ सत्त्वावर. परतीचा पाऊस कोरडा गेला तर त्या साली पूर्ण पट्टा तोडत नाही. अर्धा तोडायचा, उरलेली गरज वेड्या बाभळीवर भागवायची. दुष्काळात तोडलेले खुंट मार्चमध्ये फुटतात, त्यामुळं माणूस फसतो. फुटवे वीतभर होऊन एप्रिलच्या शेवटी करपतात, खुंटानं दुसऱ्यांदा फूट काढायला साठा उरलेला नसतो, आणि मृगात तो वाळवीचा झालेला असतो.

वेड्या बाभळीचं नाव निघालंच आहे. ओढ्याकाठी, गायरानाच्या कडेनं, पडीक रानात ती हवी तेवढी. जळणाला उत्तम, निखारा टणक, ओलीसुद्धा बऱ्यापैकी पेटते. आपल्या बांधावर असेल तर सगळ्यात आधी तीच तोडावी, आणि ती एकच अशी आहे की जिचा खुंट राखायचा नाही. जमिनीलगत तोडली तर दुप्पट फुटते. कुदळीनं बुडखा उघडा करून, जमिनीखाली वीतभर जाऊन तोडावी लागते, तरच मरते. काटा चपलेतून आरपार जातो, आत मोडला तर पिकतो. टायरच्या तळाचे किंवा जाड बूट घातल्याशिवाय तिच्यात शिरू नये. शेंगा शेळ्या आवडीनं खातात आणि बी लेंड्यांतून रानभर पेरतात, म्हणून शेंगा पिकायच्या आधी तोडलेली बरी.

कागदाचं आधी बोलून घेऊ, म्हणजे पुढं मोकळेपणानं कुऱ्हाडीचं बोलता येईल. झाडं तोडण्यावर नियंत्रण आणणारा महाराष्ट्राचा कायदा १९६४चा. त्याच्या अनुसूचीत १६ जाती आहेत. आपल्या भागात हटकून भेटणाऱ्या म्हणजे आंबा, चिंच, जांभूळ, चंदन, खैर, अंजन, साग. ही झाडं स्वतःच्या सातबाऱ्यात असली तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तोडायची नाहीत. सुबाभूळ, बाभूळ, कडुलिंब त्या यादीत नाहीत. शहराच्या हद्दीत मात्र १९७५चा वेगळा कायदा लागू होतो, त्यात जातीचा प्रश्नच येत नाही. हद्दवाढ भागात परसातलं झाड असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडं अर्ज करावा लागतो. आणि जळण स्वतःच्या चुलीपर्यंत नेणं वेगळं, टेम्पोत भरून वखारीला धाडणं वेगळं. दुसरं करायचं असेल तर गाडी भरायच्या आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून, लागेल तो वाहतुकीचा कागद हातात घ्यावा. सामाईक बांधावरच्या झाडाबद्दल कायदा सांगत बसण्यापेक्षा शेजाऱ्याला सोबत उभं करून तोडणं शहाणपणाचं. बांधावरच्या एका बाभळीपायी तीन पिढ्या बोलत नाहीत अशी घरं प्रत्येक गावात सापडतात.

आता तोडणी. हत्यारं थोडीच: एक अडीच-तीन किलोची कुऱ्हाड फोडायला, एक हलकी कुऱ्हाड फांद्यांना, कोयता, बारीक दातांची वाकडी करवत, दोन पोलादी पाचरी, घण आणि कानस. चेनसॉ असेल तर काम एका दिवसात होतं, पण चार गुंठ्यांसाठी भाड्यानं आणायची गरज नाही. दोन माणसांना करवत-कुऱ्हाडीवर तीन दिवस पुरतात. कुऱ्हाडीला रोज सकाळी कानस मारायची. बोथट कुऱ्हाड झाड तोडत नाही, चेचते. आणि चेचलेल्या खुंटाचं पुढं काय होतं तेच या कामातलं खरं शिकायचं आहे.

खुंट वीतभर उंच ठेवायचा. त्याहून उंच ठेवला तर फुटवे वरून निघतात, जाड होतात आणि चैत्र-वैशाखाच्या वावटळीत खुंटापासून उकलून पडतात. अगदी जमिनीलगत तोडला तर सालीतले झोपलेले डोळे कमी उरतात, वर माती आणि पालापाचोळा साचून कापाला वाळवी लागते. सुबाभळीच्या पाच वर्षांच्या खोडाचा बुंधा चार-पाच इंच जाड भरतो. झाड ज्या बाजूला झुकलंय त्या बाजूनं आधी खालून एक तृतीयांश करवत घालायची, मग उलट्या बाजूनं, दोन बोटं वरून, दुसरा काप. पहिला काप चुकवला की झाड पडता पडता साल सोलत नेतं, पार मुळापर्यंत पांढरी पट्टी उघडी पडते. ती बाजू मेलीच म्हणायची. तिसऱ्या पट्ट्यात असे चार खुंट निघाले, चारही सकाळच्या घाईतले.

झाड पडल्यावर खुंटाकडं पुन्हा वळायचं. कापाला थोडा उतार द्यायचा, पाणी साचणार नाही इतकाच. कडेला साल उचललेली असेल तर धारदार कोयत्यानं गुळगुळीत करून घ्यायची. बोटानं कड दाबून बघितली की कळतं: साल लाकडाला घट्ट चिकटलेली असेल तर बोटाखाली काही हलत नाही, उचललेली असेल तर ओलसर, किंचित सरकल्यासारखी लागते. जिथं सरकते तिथपर्यंत छाटायचं, कारण फूट येते ती सालीखालच्या त्याच हिरव्या थरातून. शेणकाला लावावा की नाही यावर आमच्यात दोन मतं आहेत. मोठ्या, पाच इंचांवरच्या खुंटांना लावलेला बरा, तडे कमी जातात. बारीक खुंटांना लावून काही फरक पडलेला दिसला नाही.

ज्या खुंटावर मागच्या तोडणीचे तीन-चार दांडे वाढलेत, तिथं बाहेरचे आधी आणि आतले मागून. काप जुन्या कापाच्या दोन बोटं वर घ्यायचा, कोवळ्या सालीत. जुन्या, खडबडीत लाकडात कुऱ्हाड घातली तर फूट निम्म्यानं कमी येते. दर तोडणीला खुंट असा दोन बोटं उंच होत जातो, ते चालतं.

या दिवसांतच का तोडायचं, हे विचारणारे बरेच. पावसाळ्यात तोडलं तर खुंट कुजतो, लाकूड बुरसतं, आणि बाभळींवर सुगरणींची घरटी असतात. मे महिन्यात तोडलं तर फूट पावसासोबत छान येते, हे खरं, पण लाकूड वाळायला महिनाही मिळत नाही; ते ओलंच पावसात सापडतं आणि भुंगेरा लागून पोकळ होतं. पौष-माघात झाडाचा रस मंदावलेला असतो, तोडलेल्याला पुढं चार महिने सोलापूरचं ऊन मिळतं. त्याहून चांगली वाळवणी कुठली? यात एकच गोम आहे, तिच्यावर पुढं येतोच.

फांद्या छाटताना सगळं घरी न्यायचं नाही. अंगठ्याहून जाड ते जळण. करंगळीएवढ्या काटक्या पेटवणीला लागतील तेवढ्या मोळ्या बांधून घ्यायच्या, बाकी काटक्या आणि पाला तिथंच खुंटांच्या मधल्या ओळीत पसरायचा. झाडानं मातीतून उचललेलं खत खोडात कमी आणि पाला-साल-डहाळ्यांत जास्त असतं. खोड नेलं तर जमीन सोसते. पाला झाडून नेला तर तिसऱ्या फेरीला फुटवे पिवळे आणि बारके दिसायला लागतात. पेटवून टाकायचा तर विचारच नको. खुंटाजवळ आग लागली की सालीतले डोळे भाजतात. उलट मार्चपासून तुकड्याभोवती दहा फुटांचा जाळपट्टा गवत काढून साफ ठेवावा, कारण शेजारचा बांध कोण कधी पेटवेल याचा नेम नाही.

जळण फोडायचं ते ओलं असतानाच, तोडल्यापासून आठवड्याच्या आत. सुबाभूळ कशीही फुटते. बाभूळ मात्र ओली असताना लाकूड असते आणि वाळल्यावर लोखंड. चुलीसाठी दीड फुटाचे तुकडे, मनगटाएवढ्या जाडीला फोडलेले. बंबाला बंबफोड वेगळी करावी लागते: वीतभर लांब, दोन बोटं जाड. बंबाचं नळकांडं अरुंद, त्यात मोठं लाकूड अडकलं की हवा कोंडते आणि सगळं न्हाणीघर धुरानं भरतं. गाठीचे, दुबेळक्याचे तुकडे मधोमध फोडायला जाऊ नये. कुऱ्हाड अडकते, माणूस ती हिसकतो, आणि अपघात तिथंच होतो. अशा तुकड्याच्या कडेकडेनं ढलप्या काढायच्या, मधला गाभा पाचरीनं उकलला तर ठीक, नाही तर तसाच ठेवायचा. हुरड्याच्या आगटीला किंवा लग्नाच्या चुलवणाला तो रात्रभर धगधगतो.

रचायचं कसं, यात सगळ्यात जास्त जळण वाया जातं. जमिनीवर ढीग घातला तर तळचा थर वाळवीचा. खाली दगड, त्यावर फुटक्या शहाबादी फरशीचे तुकडे, मग थप्पी. थप्पीची लांबी दहा फूट, उंची चार फूट, रुंदी लाकडाएवढीच, दीड फूट. वाळल्यावर अशा एका थप्पीत सुबाभळीचे साडेपाच क्विंटल बसतात. आमचं वर्ष म्हणजे दोन थप्प्या. दोन्हींच्या मधे दोन हात जागा, आणि लांब बाजू पश्चिमेच्या वाऱ्याला तोंड करून. फोडलेली बाजू वर ठेवायची की साल वर, हे उन्हाळ्यात सारखंच. पावसाळ्यात उघड्यावर राहणार असेल तर साल वर. पत्रा फक्त डोक्यावर टाकायचा. ताडपत्रीनं चहूबाजूंनी गुंडाळलेली थप्पी आत घाम धरते, दोन महिन्यांनी उघडली की बुरशीचा वास येतो. थप्पीत हात घालायच्या आधी काठीनं ठोकायचं. विंचू, घोणस, फुरसं या सगळ्यांना ती जागा आपल्याइतकीच आवडते.

वाळलं कधी म्हणायचं? टोकांना चांदणीसारखे तडे गेले, साल नखानं सुटू लागली, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की ‘थप्’ऐवजी ‘ठण्ण’ आवाज आला, की झालं. खात्री करायची तर एकच तुकडा खुणेचा ठेवावा आणि दर रविवारी त्याचं वजन करावं; दोन आठवडे आकडा हलला नाही की जळण तयार. मनगटाएवढी फोडलेली सुबाभूळ माघात रचली की अक्षय्य तृतीयेपर्यंत तयार होते. न फोडलेला अख्खा ओंडका एका उन्हाळ्यात वाळत नाही. सालीनं ओल आत धरून ठेवलेली असते.

ओल्या जळणाचा तोटा लोक चुकीच्या ठिकाणी शोधतात. एक किलो पाणी उडवायला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. ओल्या तुकड्यातलं जादा पाणी उडवण्यात त्या तुकड्याच्या उष्णतेचा दहावा हिस्सा जातो, फार नाही. खरा तोटा धुरातून. ओलं लाकूड चुलीचा जाळ थंड पाडतं, लाकडातून निघणारा वायू पेट न घेता धूर होऊन बाहेर पडतो. तो धूर म्हणजे न जळलेलं जळण. ‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’ ही म्हण वणव्यात खरी. चुलीत ओल्याबरोबर सुकंही विझतं. दोन्ही मिसळून घालू नये.

भुंगेऱ्याचं एक सांगायचं राहिलं. बाभळीच्या फांद्यांवरचा बाहेरचा पांढरट भाग त्याला फार आवडतो. सालीवर टाचणीएवढी भोकं आणि थप्पीखाली पिवळसर पीठ दिसलं की समजायचं. साल सोलून ठेवलेल्या, पटकन वाळवलेल्या लाकडाला तो कमी लागतो. लागलेलं जळण वेगळं काढून आधी वापरायचं, औषध फवारायचं नाही. त्याचा धूर भाकरीखाली जाणार आहे.

आता ती गोम. जानेवारीत तोडलेला खुंट मार्चच्या तोंडाला फुटतो. त्या दिवसांत सगळ्या शिवारात हिरवं म्हणून काही नसतं. सुबाभळीचा कोवळा फुटवा म्हणजे शेळीच्या दृष्टीनं पंचपक्वान्न. एक कळप एका दुपारी ७६ खुंट साफ करू शकतो. एकदा खाल्लेला खुंट पुन्हा फुटतो, दुसऱ्यांदा खाल्ला तर रेंगाळतो, तिसऱ्यांदा मरतो. वीस गुंठ्यांचं जळणाचं रान मोडलं, असं ज्यांच्या बाबतीत झालंय त्यांच्यापैकी बहुतेकांचं मोडलं ते तोडण्यानं नाही, तोडल्यानंतरच्या तीन महिन्यांत मोडलं. म्हणून कुंपण तोडणीच्याच आठवड्यात. बाभूळ आणि वेड्या बाभळीच्या काटेरी फांद्या पट्ट्याभोवती, बुडखे आत आणि शेंडे बाहेर, छातीएवढ्या उंच रचायच्या. चार गुंठ्यांच्या लांबट पट्ट्याला भोवतीनं शंभर मीटरच्या आसपास कुंपण लागतं, आणि त्याला काट्यांची बैलगाडी भरून चार-पाच खेपा. दोन पावसाळ्यांत वाळवी ते खाऊन टाकते, पण तोवर फुटवे शेळीच्या आवाक्याबाहेर गेलेले असतात. शेळी मागच्या पायांवर उभी राहून पाच-साडेपाच फूट गाठते, त्याच्या वर शेंडा गेला की राखण संपली.

जिथं कुंपण जमतच नाही, वाटेकडेच्या बांधावर वगैरे, तिथं खुंट वीतभर न ठेवता पुरुषभर उंच ठेवायचा आणि फूट डोक्यावर घ्यायची. कडुलिंब आणि गिरीपुष्प हे चांगलं सोसतात. जळण थोडं कमी मिळतं आणि तोडायला शिडी लागते. तारांखालच्या झाडाला मात्र शिडी लावू नये. वायरमनला सांगून लाइन बंद झाल्याशिवाय कोयतासुद्धा वर न्यायचा नाही.

मृगापर्यंत एकेका खुंटावर दहा-पंधरा फुटवे होतात. लगेच विरळणी करायचा मोह आवरायचा. दाटीत ते एकमेकांना वाऱ्यात सांभाळतात. वळवाची वादळं सरली, पाऊस लागला, फुटवे छातीला आले की पहिली विरळणी: चार-पाच ठेवून बाकी कोयत्यानं खालून. दिवाळीला दुसरी, तेव्हा दोन किंवा तीन. कुठले ठेवायचे? सगळ्यात उंच दिसतात ते नव्हे. खुंटाच्या तळातून, मातीजवळून निघालेले ठेवायचे, आणि शक्यतो समोरासमोरच्या बाजूंचे. कापाच्या कडेवरचे फुटवे जोमदार दिसतात पण त्यांची पकड नुसत्या सालीत असते. हातानं बाजूला ओढून बघा, बुडाशी बारीक चर्र आवाज आला की तो पुढच्या वादळाचा. काढलेला पाला जनावरांना चालतो, पण सुबाभळीत मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, म्हणून हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घालू नये. घोड्या-गाढवांना तर नकोच, त्यांचे केस झडतात. खुंटांवर राहिलेल्या शेंगा मात्र पिकायच्या आत खुडायच्या, नाही तर शेजारच्या ज्वारीत सुबाभूळ तण म्हणून उगवते.

बाभळीला यातलं काहीच लागू नाही. सुबाभळीसारखी ती बुडातून भरवशानं फुटत नाही; कोवळी असेल तर कधी फुटते, बुंधा मांडीएवढा झाला की तोडली म्हणजे गेली. आणि जळण म्हणून तिच्या तोडीचं आपल्याकडं दुसरं नाही. म्हणून तिच्या खालच्या फांद्या घ्यायच्या, एका वर्षी पसाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, बुंध्यालगत खोबण न पाडता. अख्खं झाड घेतलंच तर त्याच पावसाळ्यात पाच नवी लावायची. बी शेळ्यांच्या बसण्याच्या जागेवरून गोळा केलेलं घ्यावं, त्याचं टणक कवच पोटातून जाताना नरमलेलं असतं. नाही तर उकळून थोड्या कोमट झालेल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवायचं. बांधावर ज्वारीशेजारी लावायची असेल तर रामकाठी. ती झाडूसारखी सरळ वर जाते, सावली कमी पाडते.

एक इशारा या धंद्यातल्याच माणसांनी द्यायला हवा. जळणाची झाडं पडीक मुरमावर, बांधावर, ओढ्याकाठी लावावीत. गवताळ माळ मोकळा दिसतो म्हणून तिथं सुबाभूळ-गिरीपुष्प कोंबू नये. नान्नजचा माळ माळढोकासाठी राखलाय तो गवतासाठीच. झाडी वाढली की तो पक्षी तिथून उठतो, काळवीटही बिचकतं. मेंढरांचं गवत जातं ते वेगळंच.

दुसरी विरळणी परवा संपली. ७६ खुंटांपैकी ७१ जगले, मेलेल्या पाचांत ते सोललेले चार आहेत. पाच खड्डे भरून ठेवलेत, त्यांत आता मृगात रोपं जातील. हस्त यंदा दोन दिवस लागून पडला, मुरमात कोपरभर ओल आहे. चौथ्या पट्ट्याच्या दगडांना चुना लावून झालाय आणि कानस नवी आणायची आहे.